अकरावा अध्याय कुणाचा

"ही पोथी कुणी लिहिलीय?" बाईंनी विचारलं.

"खड्गनाथांनी," मी म्हणालो.

"सगळी?"

"सगळी. अकराच्या अकरा अध्याय."

महाद्वार रोडवरच्या आमच्या दुकानात पोथी घेणारी माणसं असले प्रश्न विचारत नसत. बायकांनी वाचली तर चालते का, अवसेला सुरू करावी की पुनवेला, घरात ठेवली तर वस्तीतल्या बाकीच्यांना त्रास होईल का, असे प्रश्न असायचे. लेखक कोण हे त्या दिवसापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. 'खड्गनाथ विद्या' ही दृष्ट, करणी आणि विषबाधेवरची पोथी. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती चोपन्न साली पहिल्यांदा छापली आणि त्या एका पोथीवर आमचा छापखाना उभा होता. पंचांग, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं हे सगळं वरखर्चाला. भाकरी पोथीची.

बाई पन्नाशीच्या पुढच्या असतील. सुती पातळ, खांद्याला पिशवी, बोलणं शाळामास्तरणीचं. त्यांनी पोथीचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"अकरावा अध्याय माझ्या वडिलांचा आहे. वामनशास्त्री जांभळीकर. मी त्यांची मुलगी, कुमुदिनी. हा अध्याय तुम्ही छापायचा बंद करा."

मी संशयी माणूस आहे. थोडा जन्मानं, बाकीचा धंद्यानं. आमच्या धंद्यात एकाच्या पोथीचं मुखपृष्ठ बदलून दुसरा विकतो आणि वर तिसऱ्यावर फिर्याद करतो. बाईंचं बोलणं ऐकताच माझ्या डोळ्यांपुढं सांगलीचा एक प्रकाशक आला. आमच्या या पोथीवर त्याचा बऱ्याच वर्षांपासून डोळा होता. आणि घेणारी माणसं पोथी घेत ती अकराव्या अध्यायासाठी, हे त्यालाही माहीत होतं. विषहरणाचा अध्याय. साप-विंचवाच्या मुलखात तो नसेल तर बाकीचे दहा कोण घेणार?

"पुरावा काय?" मी विचारलं.

"यातल्या सात योगिनींची नावं वाचा. ताम्रा, मयूरी, चंद्रिका, कज्जला, पुष्पिणी, धवला, गौरी. आमच्या गोठ्यात तांबू, मोरी, चांदी, काजळी, फुलाबाई, ढवळी आणि गवरी होत्या. तीन म्हशी, चार गाई."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. "बाई, गोठा साक्षीला आणणार का तुम्ही?"

त्या मात्र हसल्या नाहीत. "तुमचे वडील आहेत ना? त्यांना विचारा," म्हणाल्या आणि पोथीचे पैसे ठेवून गेल्या. पोथी मात्र पिशवीत घालून नेली. ज्याला छापू नका म्हणायचं तेच विकत घ्यायचं, हे मला काही सरळ वाटलं नाही.

संध्याकाळी मी अण्णांना विचारलं. अण्णांनी ऐंशी ओलांडली होती आणि दुकानामागच्या खोलीत त्यांची खुर्ची असायची. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि नको ते तर मुळीच यायचं नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "चहा टाकायला सांग."

दुसऱ्या दिवशी मी रणदिवे वकिलांकडं गेलो. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळं फी घेत नसे, पण टोमणे भरपूर मारायचा. त्यानं पोथीचं पहिलं पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मधू, हे काय रे? वर छापलंय 'पुरातन हस्तलिखितावरून', आणि खाली 'सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन'. दोन्ही खरं कसं असेल?"

"सगळेच तसं छापतात."

"सगळे छापतात म्हणून कायदा बदलत नाही. पोथी खरंच पुरातन असेल तर ती कुणाचीच नाही. तू छाप, मी छापतो, सांगलीवाला छापेल. कुणाला अडवता येणार नाही. आणि अकरावा अध्याय त्या शास्त्र्यांनी रचला असेल, तर ते वारल्यापासून साठ वर्षं त्यांच्या वारसाचा. कधी वारले?"

"बाई म्हणतात एकसष्ट साली."

"म्हणजे दोन हजार एकवीस संपेपर्यंत ती म्हणेल तसं."

"पण ते तिनं सिद्ध करायला पाहिजे ना?"

"पाहिजेच. आणि खरं सांगू शकेल असा जिवंत माणूस एकच आहे, तुझे वडील. त्यांना आठवत नसेल तर बाई काय करणार आहे?" रणदिव्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "आठवत नाही ना त्यांना?"

"नसेल आठवत," मी म्हणालो.

मग मी माझ्या पद्धतीनं बाईंची परीक्षा घेतली. त्या पुन्हा दुकानात आल्या तेव्हा म्हटलं, मानधन म्हणून दरवर्षी काही देऊ, अध्यायाखाली शास्त्रीबुवांचं नावही घालू. रक्कम मी बऱ्यापैकी मोठी सांगितली होती, गळाला लागतात का बघायला.

"मला पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "बंद करा."

पैसे मागणाऱ्याचा मला एकपट संशय येतो आणि नको म्हणणाऱ्याचा दुप्पट. दुसरीकडून जास्त मिळत असल्याशिवाय कोण कशाला नको म्हणेल?

त्याच आठवड्यात आमचा फिरता विक्रेता शंकर कोष्टी जत्रांवरून परत आला. पोथीचा सगळा माल संपवून आला होता आणि आणखी मागत होता. मी म्हटलं, एवढी कशी खपली?

"एक बाई हाय, मालक. शिरोळकडची. दिसंल ती पोथी उचलतीया. वाडीत घेतल्या, खिद्रापुरात घेतल्या. भाव बी करत न्हाई."

"शाळामास्तरीण? खांद्याला पिशवी?"

"तीच. तुमच्या वळखीची हाय व्हय?"

झालं. बाजारातला माल गोळा करायचा, आमच्यावर बंदी आणायची, मग स्वतः छापायची आणि चढ्या भावानं विकायची. सांगलीवाल्याचंच डोकं असणार यामागं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. संशय खरा ठरला की मला एरवी न मिळणारं समाधान मिळतं. बाईंच्या घरात पोथ्यांचे गठ्ठे सापडले की रणदिव्याला सांगून उलटी नोटीस पाठवायची, असं ठरवून मी सकाळच्या एसटीनं त्यांच्या गावी गेलो.

घर शोधायला वेळ लागला नाही. बाईंच्या हाताखालून निम्मं गाव शिकलं होतं. अंगणात तांब्याचा बंब पेटलेला होता आणि बाई पाटावर बसून त्यात जळण घालत होत्या. शेजारी आमच्या पोथ्यांचा ढीग. मी फाटकातून आत आलो तरी त्या दचकल्या नाहीत.

"या हुपरीकर. बसा."

बाई एकेक पोथी उचलत, शेवटचा अध्याय शिवणीपासून सांभाळून सोडवत, तेवढीच पानं बंबात घालत. उरलेली पोथी बाजूला रचून ठेवत. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

"सगळीच का नाही जाळत?" मी विचारलं.

"पहिले दहा अध्याय माझे नाहीत. कुणाचे ते मला माहीत नाही, म्हणून जाळायचा हक्कही मला नाही. ते देवळात नेऊन ठेवते, ज्याला हवेत तो नेतो. ही शेवटची सहा पानं माझ्या बापाची. तेवढी जाळते."

"पेन्शनीतून विकत घेऊन?"

"मग काय करू? तुम्ही छापायचं थांबत नाही."

त्यांनी आतून चहा आणला. मी घेतला, पण माझं डोकं अजून शोधतच होतं. हे नाटक तर नसेल? मी येणार हे शंकरनं यांना सांगितलं असेल का?

"सुरेखा खोत म्हणून माझ्या वर्गातली पोर," बाई म्हणाल्या. "गणितात हुशार. लग्न करून गावातच दिली. गेल्या पावसाळ्यात वैरण काढताना पायाला साप चावला. जयसिंगपूरचा दवाखाना इथून लांब नाही, गावात जीप होती. पण सासऱ्यानं पोथी काढली. मी गेले तेव्हा सोप्यात तिला निजवलेली, भोवती माणसं, आणि सासरा वाचत होता. मी म्हटलं, जीप काढा. तो म्हणाला, बाई, पाठ सरंपर्यंत घरातनं कुनी उंबरा वलांडायचा न्हाई, पोथीत लिवलंय."

तसं लिहिलेलं होतंच. मला तो अध्याय पाठ होता.

"मी त्याला सांगितलं, अरे, हे देवानं नाही लिहिलं, माझ्या वडिलांनी लिहिलंय. आमच्या ओसरीवर बसून लिहिलंय, मी बघितलंय. या योगिनी आमच्या म्हशी आहेत. तर त्यानं मला पोथीचं पहिलं पान दाखवलं. पुरातन हस्तलिखितावरून. खाली तुमच्या दुकानाचं नाव."

बंबातलं पाणी उकळायला लागलं होतं. बाईंनी उठून जळण मागं ओढलं.

"पाठ सरला तेव्हा ती गेलेली होती. तिच्या सासऱ्याला मी दोष देत नाही. तो पोरीसाठीच वाचत होता, वाचता वाचता रडत होता. दोष लिहिणाऱ्याचा. माझ्या बापाचा फोटो मी त्या दिवशी भिंतीवरून काढला आणि ट्रंकेत टाकला. इतका विद्वान माणूस आणि असलं लिहून गेला."

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. पण मी छापखान्याचा मालक होतो आणि आत कुठंतरी हिशेब चालूच होता. मी म्हटलं, "बाई, तुमचं दुःख खरं आहे. पण कायदा दुःखावर चालत नाही. तो अध्याय शास्त्रीबुवांचा आहे हे ठरायला हवं, आणि अण्णांना काही आठवत नाही."

"मग ते त्यांनी माझ्यासमोर सांगावं. सांगितलं तर मी पुन्हा येणार नाही."

मी लगेच हो म्हणालो. सुंठीवाचून खोकला जात होता.

त्या येणार होत्या त्या दिवशी सकाळीच मी अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन बसलो आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. सुरेखाचंही सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही फक्त आठवत नाही म्हणा. दुसरं काही बोलायचं नाही."

"बरं," अण्णा म्हणाले.

अण्णांनी जन्मात माझं इतक्या चटकन ऐकलं नव्हतं. कागद कुठला घ्यावा इथपासून वांग्याच्या भाजीपर्यंत ते माझ्याशी वाद घालत. दुपारभर मी दुकानात बसलो, पण लक्ष लागेना. इतके दिवस मी त्या बाईंवर नजर ठेवून होतो. पाणी कुठं मुरतंय ते बघायला मी घरात एकदाही वळलो नव्हतो.

बाई आल्या. मी त्यांना आत नेलं. अण्णांनी मान वर करून बघितलं.

"वामनशास्त्र्याची कुमुद न्हवं तू? फ्रॉक घालून ताकाचा तांब्या घेऊन यायचीस."

"हो, अण्णा." बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. "मला एकच विचारायचंय. अकरावा अध्याय कुणी लिहिला?"

मी घाईनं म्हणालो, "त्यांना ऐकू कमी येतं, आणि वयामुळं..."

"ऐकू आलंय मला," अण्णा म्हणाले. "तुझ्या बापानं लिहिला."

मी म्हटलं, "अण्णा, आठवून बोला."

"आठवूनच बोलतोय. तू जरा गप बस. गोसाव्याकडनं हस्तलिखित घेतलं त्यात दहाच अध्याय हुते. छापायला घेतलं तर शेवटच्या फर्म्यात, म्हंजे छापायच्या शेवटच्या तावावर, सहा पानं कोरी राहायला लागली. कोरी पानं बघितली की गिऱ्हाईक म्हणतंय, पैसे घेतलास नि कागद कोरा दिलास. शास्त्री आमचं प्रूफ वाचायचे. त्यांना म्हटलं, सहा पानांचं काहीतरी द्या की. त्यांनी आठवड्यात अध्याय आणून दिला. काय हात हुता त्या माणसाचा. जुन्या दहाच्या वर चढ."

कोरी पानं भरायला. माझं शिक्षण, माझं लग्न, वरचा मजला, सगळं त्या सहा पानांवर झालं होतं. मी बाईंकडं बघितलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. उलट त्या आणखी ताठ बसल्या होत्या.

"म्हणजे त्यांनीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "उंबरा ओलांडू नये, हेही."

"ते बी त्यांनीच. पन पोरी, बापाला दोष देऊ नको. समदं ऐक." अण्णांचा आवाज खाली आला. "अध्याय दोन ओव्यांनी जास्त झाला. सहा पानांत बसंना. दोन ओव्यांसाठी नवा फर्मा कोण लावनार? मी शेवटच्या दोन काढून टाकल्या."

"कुठल्या दोन?"

अण्णांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत तो माणूस त्या ओव्या विसरला नव्हता. एक शब्दही न अडखळता त्यांनी म्हणून दाखवल्या.

हे पाठाचे फळ जाण । भीत्या जीवा समाधान ।
विषा उतार औषधाविण । नाही नाही सर्वथा ॥
आधी धावोनि वैद्य आणावा । गाडी जुंपोनि रोगी न्यावा ।
मागे राहे त्याने वाचावा । अध्याय हा घरी बैसोनि ॥

शास्त्रीबुवांनी तो अध्याय मागं घरी थांबणाऱ्यांसाठी लिहिला होता. गाडी दवाखान्याला गेल्यावर मागं म्हातारी माणसं, बायका उरतात, त्यांनी घाबरून बाहेर पळत सुटू नये, एका जागी बसून वाचत राहावं म्हणून. आणि आम्ही त्यातून दवाखानाच काढून टाकला होता.

"परत म्हणा," बाई म्हणाल्या.

अण्णांनी परत म्हटल्या. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला.

"वडिलांना कळलं होतं? तुम्ही काढल्याचं?"

"छापलेली प्रत मीच नेऊन दिली. शेवटचं पान बघून म्हणाले, अण्णा, नेमकं हवं तेच कापलंत. तेवढंच बोलले. पुन्हा आमच्या छापखान्याची पायरी चढले न्हाईत."

माझ्या मनात अण्णांबद्दल जे आलं ते मी आजही कागदावर लिहिणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या क्षणीसुद्धा माझ्यातला दुकानदार मेला नव्हता. मी म्हणालो, "बाई, एक होईल. पुढच्या आवृत्तीत या दोन ओव्या घालू. शास्त्रीबुवांचं नाव घालू. त्यांच्यावरचा ठपकाही जाईल."

बाईंना तो मोह झाला. मी बघितलं ना. हातातला रुमाल उलगडत, घडी करत त्या किती वेळ विचार करत होत्या. बापाचं नाव धुऊन निघणार होतं. मग त्यांनी मान हलवली.

"सुरेखाचा सासरा शेवटच्या पानावर पोचेपर्यंत ती गेली असती. धावा म्हणून सांगायचं ते शेवटी सांगून चालत नाही. थोडं वडिलांचंही चुकलंच." त्या उठल्या. "बंदच करा."

"बंद कर," अण्णा मला म्हणाले. "आणि वकिलाला बोलाव. मी सही करतो."

अण्णांनी सही केली. मी अध्याय बंद केला. पोथी पुढं दोन-तीन वर्षं कशीबशी चालली, मग गिऱ्हाईक विचारेनासं झालं आणि छापखान्यात लग्नपत्रिकाच उरल्या. सांगलीवाल्यानं तो अध्याय छापायचा प्रयत्न केला तेव्हा बाईंनीच त्याला नोटीस पाठवली. म्हणजे तो त्यांच्यामागं कधी नव्हताच. बाई गेल्या त्याआधी त्यांनी त्या सहा पानांचे हक्क मृत्युपत्रानं माझ्या नावावर केले. एखादी गोष्ट कधीही न छापण्यासाठी तिचा मालक झालेला प्रकाशक मी एकटाच असेन. मी ती राखण नेकीनं केली. दोघातिघांना अडवलं, एकाला कोर्टात खेचलं.

दोन हजार एकवीस संपलं. जानेवारीत मला एका तरुण प्रकाशकाचा फोन आला. बोलायला फार आदबशीर.

"काका, तो अकरावा अध्याय आता मोकळा झाला ना? आम्ही छापतोय. कायद्यानं विचारायची गरज नाही, पण म्हटलं थोरामोठ्यांच्या कानावर घालावं. इतकी वर्षं बंद होता, त्यामुळं लोक गुप्त अध्याय म्हणून फार मागतात."

मी त्याला सगळं सांगितलं. कोरी पानं, म्हशी, सुरेखा, अण्णांनी कापलेल्या ओव्या. तो मधे मधे हो का, हो का म्हणत शांतपणे ऐकत होता. मग मी त्याला त्या दोन ओव्या म्हणून दाखवल्या आणि म्हटलं, "एवढ्या पहिल्याच पानावर घाल. मोठ्या अक्षरांत. मी काही मागत नाही तुझ्याकडं. हात जोडतो."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला.

"काका, राग मानू नका. पण आमच्याकडची जुनी प्रत मी नीट तपासलीय. त्यात या ओव्या नाहीत. मागून कुणी घुसडलेलं आम्ही घेत नाही, आमचं नावच अस्सल पोथ्यांसाठी आहे."

"अरे बाबा, माझ्याच बापानं कापल्यात त्या."

"तसं तुम्ही म्हणता. पण पोथीवर 'पुरातन हस्तलिखितावरून' असं छापलंय," तो नम्रपणे म्हणाला, "आणि खाली तुमचंच नाव आहे."